सतरा अंकी डोंगर!

एक्सेल उघडा. (बॉस बघत असला तरी चालेल, काम करताय असंच वाटेल त्याला!) नऊ वेळा १ लिहून होणारी संख्या घ्या, १११११११११. तिचा वर्ग करा, सगळे आकडे दिसतील असा फॉरमॅट ठेवा. उत्तर येईल १२३४५६७८९८७६५४३००. शेवटची दोन शून्यं साफ खोटी! एक्सेल पंधरा अंकांपुढे हात टेकतं. खरं उत्तर आहे

१२३४५६७८९८७६५४३२१.

एकपासून नऊपर्यंत चढायचं आणि पुन्हा एकवर उतरायचं. उलटं वाचा, तेच. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, असा हा डोंगर वाढत जातो. गुणाकार कागदावर मांडलात की गुपित कळतं : एकाखाली एक सरकत गेलेल्या १ च्या ओळी, आणि प्रत्येक उभ्या रांगेत नुसती मोजणी. दहावा १ घातलात की मात्र हातचा येतो आणि डोंगर ढासळतो. म्हणजे हे शेवटचं शिखर.

मास्तरांचं स्टेशन

अशा संख्यांना नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म १९०५, डहाणूचा. ६१७४ हा जगप्रसिद्ध 'कापरेकर स्थिरांक' त्यांचाच. १९३० ते १९६२ ते आपल्या नगरच्या शेजारी, नाशिक जिल्ह्यातल्या देवळालीत शाळामास्तर होते. या संख्यांची कल्पना सुचली ती डेम्लो स्टेशनवर, म्हणजे आजच्या डोंबिवलीत. म्हणून नाव पडलं 'डेम्लो नंबर'. लोकलची वाट बघत आपण काय करतो, सांगा बरं?

तीन शोध, एक संख्या

खरी धमाल पुढे आहे. डोंगराच्या अंकांची बेरीज करा : ८१. या ८१ ने त्या संख्येला नि:शेष भाग जातो. असा भाग गेला की कापरेकर त्या संख्येला 'हर्षद' म्हणत, आनंद देणारी! आता भागण्याऐवजी ८१ ने गुणा. येतात ९९९९९९९९८००००००००१. मधोमध तोडा आणि दोन तुकडे मिळवा : ९९९९९९९९८ + १ = ९९९९९९९९९. आणि गंमत म्हणजे आपण तोडली ती संख्या याच ९९९९९९९९९ चा वर्ग आहे! वर्ग तोडून बेरीज केली की मूळ संख्या परत मिळाली, तर ती 'कापरेकर संख्या'. मास्तरांचे तीन शोध एकाच डोंगरावर भेटतात.

कापरेकरांकडे पदव्युत्तर पदवी नव्हती. आकड्यांचा हा नाद म्हणजे पोरखेळ, असं म्हणणारे गणितज्ञ तेव्हा होतेच. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाचं लक्ष गेलं. तोवर मास्तर सत्तरीचे झाले होते. १९८६ मध्ये ते गेले.

प्रमोशन नाही, इन्क्रिमेंट नाही, तरी माणूस आयुष्यभर आकड्यांशी खेळत राहिला. नगरहून वीकेंडला नाशिककडे निघालात आणि देवळालीची पाटी दिसली, तर गाडीत हा डोंगर एकदा कागदावर चढून बघा. एक्सेलशिवाय!