छायाचित्रातले घर आणि आजचे घर

घर विकायला काढले आहे ही बातमी बडोद्याच्या मराठी घरांतून अजूनही दबक्या आवाजातच सांगितली जाते. खाली दवाखाना आणि वर बिऱ्हाड हा आम्हा डॉक्टरांच्या घरांचा ठरलेला साचा. ज्यांनी ही घरे हौसेने बांधली ते आता थकले आहेत, काही निवर्तले आहेत. मुले पुण्यात, बंगळुरूत नाही तर न्यू जर्सीत स्थिरावली आहेत. आपल्या मंडळातील काही कुटुंबांवर ही वेळ आलेली मी जवळून पाहिली. वारसनोंद, मुद्रांक शुल्क, कर यांविषयी बोलायला वकील आणि सनदी लेखापाल समर्थ आहेत. मला लिहायचे आहे ते एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीविषयी : विक्रीच्या जाहिरातीतील छायाचित्रे किती जुनी चालतात?

पूर्वी दलाल गिऱ्हाइकाला घेऊन थेट दारात उभा राही. आज गिऱ्हाईक आधी मोबाइलवर घर पाहते आणि मगच चपला घालते. मॅजिकब्रिक्ससारख्या संकेतस्थळावर किंवा दलालाच्या व्हॉट्सअॅपवर आठ-दहा छायाचित्रे असतात, आणि ती पाहून त्याच्या मनात एक घर तयार होते. त्या घराच्या शोधात तो आपल्याकडे येतो. दार उघडल्यावर दुसरेच घर दिसले, तर पुढची बोलणी किमतीची न राहता विश्वासाची होतात.

आमच्या शाखेत हे नित्याचे आहे. बाळाचे जन्मवजन पाचव्या महिन्याच्या सुमारास दुप्पट होते आणि वर्षअखेर तिप्पट. त्यामुळे मागच्या भेटीच्या कार्डावरचे वजन पाहून आजच्या औषधाची मात्रा कोणी ठरवत नाही. काट्यावर पुन्हा ठेवावेच लागते. कार्डावरचा आकडा खोटा नसतो, तो त्या दिवसापुरता खरा असतो. छायाचित्राचेही तसेच.

जुने छायाचित्र विक्रेत्याचे नुकसान दोन्ही बाजूंनी करते. घर पूर्वी चांगले होते आणि आता उतरले असेल, तर पाहुणा दारातच नाराज होतो. उलट गळती काढली, रंग दिला, न्हाणीघर नवे केले आणि जाहिरातीत मात्र ओल आलेली भिंतच राहिली, तर पाहुणा येतच नाही. खर्च केला तो कोणाच्या दृष्टीसच पडत नाही. तिसरे नुकसान अधिक सूक्ष्म आहे. गच्चीच्या छायाचित्रात तारेला अडकलेला पतंग दिसतो, म्हणजे ते उत्तरायणानंतरचे. अंगणात आकाशकंदील दिसतो, म्हणजे दिवाळीचे. जून महिन्यात हे पाहणारा चाणाक्ष गुजराती व्यापारी मनाशी म्हणतो की हे घर निदान सात महिने पडून आहे, आणि त्या हिशेबाने भाव पाडून मागतो. आपण तारीख लिहिली नाही तरी छायाचित्र ती सांगून टाकते.

आता एक प्रत्यक्ष हकीकत. नावे देत नाही. जाणकारांनी ओळखली तर मनात ठेवावीत. विश्वामित्रीच्या काठापासून फार दूर नसलेल्या एका वसाहतीत आमच्या एका ज्येष्ठ व्यवसायबंधूंचे घर होते. ते गेले, आणि वर्षभराने परदेशातील मुलाने आईच्या संमतीने घर विक्रीस काढले. जाहिरातीतील छायाचित्रे त्याने २०२३ च्या दिवाळीत स्वतः काढलेली होती. सुंदर होती. पुढे ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस नदीला पूर आला, दवाखान्यात कमरेइतके पाणी शिरले. काकूंनी शेजाऱ्यांच्या मदतीने गाळ काढला, गिलावा खरवडून नव्याने केला, विजेची बटणे छातीच्या उंचीवर घेतली, कुजलेली लाकडी कपाटे टाकून दिली. काम चोख झाले. जाहिरातीत मात्र ती कपाटे तशीच झळकत होती.

बडोद्यात २०१९ आणि २०२४ या दोन पुरांनंतर घर पाहायला येणारा माणूस बहुधा पहिला प्रश्न एकच विचारतो : 'पाणी क्यां सुधी आव्युं हतुं?' काकू खरे ते सांगत. पण ज्याच्या मोबाइलवर पुरापूर्वीची खोली आहे आणि समोर वेगळी भिंत आहे, त्याला वाटे की छायाचित्रे मुद्दाम जुनी ठेवली आहेत. खरे बोलणाऱ्या बाईवर अशी लपवाछपवीची शंका घेतली जात होती. एकाने तर जाताना जिन्यातच तसे बोलून दाखवले.

कायद्याची बाजूही आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार विक्रेत्याला ठाऊक असलेला, पण खरेदीदाराला सर्वसाधारण दक्षतेने कळणार नाही असा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे. नव्या गिलाव्याखाली झाकली गेलेली ओल या वर्णनाच्या बरीच जवळ जाते.

नवी छायाचित्रे काढा असे मी काकूंना दोनदा सुचवले. त्या विषय बदलत. तिसऱ्या वेळी त्यांनी सांगितले. जुन्या छायाचित्रांपैकी एकात टेबलामागची डॉक्टरांची खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीवर त्यांचा स्वेटर होता, आणि दिवाणखान्यातील झोपाळ्यावर अर्धवट घडी केलेले वर्तमानपत्र होते. "नव्या फोटोत नुसती खोली येईल," त्या म्हणाल्या. यावर औषध माझ्याकडे नव्हते. घर विकताना माणसे जाहिरात जुनी का ठेवतात याची कारणे आळस आणि लबाडी एवढीच असतात, असे मी तोवर समजत होतो.

शेवटी तोड मुलानेच काढली. जुनी सर्व छायाचित्रे त्याने मोठ्या आकारात छापून आईला एक संग्रह करून पाठवला आणि जाहिरातीतून ती काढून टाकली. नवी छायाचित्रे माझ्या पुतण्याने एका रविवारी सकाळी काढली. घर पूर्वाभिमुख, त्यामुळे आठ ते दहा हीच वेळ योग्य. मोबाइलमधील रुंद भिंग, ज्यात दहा फुटांची खोली हॉलसारखी दिसते, ते त्याने वापरले नाही. दवाखान्याच्या भिंतीवर पाणी जिथवर आले होते तिथे खडूची रेघ ओढून तेही छायाचित्र घेतले, आणि खाली महिना, वर्ष व केलेली दुरुस्ती दोन ओळींत लिहिली. दलालाने कपाळाला हात लावला. परंतु त्यानंतर आलेल्यांपैकी कोणी ओलीवरून हुज्जत घातली नाही. जे आले ते ती रेघ पाहूनच आले होते. फेऱ्या कमी झाल्या, ही काकूंच्या वयाला मोठीच सोय झाली.

आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण ती दलालाला सुचणार नाही. त्या जुन्या छायाचित्रांतील एक मी मोठे करून पाहिले, तर कपाटातील फायलींच्या कण्यांवर रुग्णांची नावे वाचता येत होती! भिंतीवर नोंदणी प्रमाणपत्र क्रमांकासह. वरच्या मजल्यावर नातवंडांचे शाळेच्या गणवेशातील छायाचित्र, शाळेचे नाव स्पष्ट. रुग्णाचे गुपित आपण आयुष्यभर सांभाळतो आणि घर विकताना ते हजारो अनोळखी लोकांपुढे टांगतो. बालरोगतज्ज्ञ म्हणून तिसरी गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करणारी वाटली. नवी छायाचित्रे काढण्यापूर्वी भिंती व फळ्या रिकाम्या कराव्यात. खोलीही त्याने मोठी दिसते.

किती दिवसांनी बदलावीत? माझ्या मते दिनदर्शिकेपेक्षा घराकडे पाहावे. रंग, दुरुस्ती, सामान हलवणे, शेजारी नवी इमारत उठून उजेड अडणे, यांपैकी काही घडले की लगेच. पावसाळा उलटल्यावर एकदा नक्की. आणि काही न घडताही तीन-चार महिन्यांनी. मूळ छायाचित्रे मोबाइलमध्ये तारखेसह जपून ठेवावीत, कारण व्हॉट्सअॅपवरून फिरलेल्या प्रतीतून ती तारीख सहसा गळून पडते. आणि घर एकाहून अधिक दलालांकडे दिले असेल, तर नवा संच प्रत्येकाकडे गेला की नाही हे स्वतः त्यांच्याकडून मागवून पाहावे. तिघांकडे तीन वयांचे घर असते, हा अनुभव आहे.

काकूंच्या घराचे बानाखत पुढच्या वसंत पंचमीच्या आसपास झाले. मुलाने त्याच रात्री जाहिरात उतरवली. एका दलालाच्या गटात मात्र २०२३ ची छायाचित्रे अजून फिरत असावीत, कारण काकूंना अधूनमधून फोन येतात. घरासाठी विचारणाऱ्यांना त्या विकले गेले म्हणून सांगतात. छायाचित्रातील पाटी वाचून डॉक्टरांची वेळ विचारणारेही असतात. त्यांतल्या लेकुरवाळ्यांना त्या माझ्या दवाखान्याचा पत्ता देतात.