राष्ट्रसेवा : सक्तीची कीं स्वेच्छेची?

[नभोवाणीवरील भाषण]

पुण्याहून तळेगांवला जाऊन तेथून चाकणच्या वाटेस लागलें कीं मावळ तालुक्यांत सुदुंबरे नांवाचें गांव येतें. तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे यांची समाधि तेथें आहे, म्हणून वारकऱ्यांना हें गांव फार दिवसांपासून ठाऊक आहे. अलीकडे मात्र दुसऱ्याच एका कारणानें त्याचें नांव वर्तमानपत्रांत येऊं लागलें आहे. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाच्या पांचव्या बटालियनचें ठाणें सुदुंबऱ्यास आहे. कोठें दरड कोसळली, पूर आला, इमारत ढासळली, कीं येथूनच जवानांच्या मोटारी बाहेर पडतात. आजच्या विषयाचा विचार मी मुद्दाम या गांवापासून सुरू करीत आहें. तें कां, हें पुढें कळून येईल.

आपल्या सुशिक्षित घरांतून एक वाक्य नेहमीं ऐकूं येतें: "या मुलांना एक वर्ष सक्तीनें लष्करांत धाडलें पाहिजे, म्हणजे शिस्त लागेल." हें वाक्य बहुधा शेजाऱ्याच्या मुलाकडे पाहून उच्चारलेलें असतें. तरीहि त्यांतला प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. देशाच्या रक्षणाचा भार मोजक्या घरांनीं वाहावा आणि बाकीच्यांनीं केवळ टाळ्या वाजवाव्या, हें न्यायाचें आहे काय? साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गांवांतून पिढ्यानुपिढ्या तरुण सैन्यांत जात आहेत. शहरांतील कित्येक गल्ल्यांतून एकहि जात नाहीं. ही विषमता खरी आहे. तिच्यावर सक्ती हा उपाय आहे कीं नाहीं, एवढेंच आपणांस पाहावयाचें आहे.

सक्तीच्या सेवेचे प्रकार देशोदेशीं निरनिराळे आहेत. इस्रायलमध्यें मुलगे व मुली दोघांनाहि लष्करी सेवा करावी लागते. स्वित्झर्लंडमध्यें पुरुषांना ती सक्तीची आहे. परंतु ज्याचें मन शस्त्र धरण्यास घेत नाहीं, त्याला १९९६ पासून नागरी सेवेचा मार्ग मोकळा आहे. सिंगापूरनें १९६७ सालीं सक्ती आणली. तेथें सर्वच तरुण पलटणींत जातात असें नव्हे, कांहींची नेमणूक पोलिसांत होते, तर कांहींची आग विझविणाऱ्या व माणसें वांचविणाऱ्या नागरी संरक्षण दलांत. उलट जर्मनीनें २०११ सालीं सक्तीची भरती स्थगित केली. स्वीडननें २०१० सालीं ती थांबविली आणि शेजारची परिस्थिति बिघडतांच २०१७ सालीं पुन्हां सुरू करण्याचें ठरविलें. यावरून इतकें दिसतें कीं, लहान लोकसंख्येचें व संकटाच्या छायेंतलें राष्ट्र सक्तीकडे वळतें; तिला सद्गुणांची शाळा समजून कोणी सहसा वळत नाहीं.

आपल्या देशांत हा विचार झालाच नाहीं असें मात्र नव्हे. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालीं १९४६ सालीं नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ सालीं राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा झाला. छात्रसेना स्वेच्छेची होती. पुढें १९५९ सालीं राष्ट्रीय सेवेचा प्रश्न एका समितीकडे सोंपविण्यांत आला, आणि तिचे अध्यक्ष होते आपले चिंतामणराव देशमुख. माध्यमिक शिक्षण संपवून महाविद्यालयांत जाऊं इच्छिणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रसेवा केलीच पाहिजे, अशी त्या समितीची शिफारस होती. कांहीं लष्करी शिक्षण, कांहीं समाजसेवा, कांहीं अंगमेहनत व कांहीं सामान्य ज्ञान, अशी ती योजना होती. ज्यांनीं देशाचें अर्थखातें सांभाळलें होतें, त्याच गृहस्थांच्या समितीची ही योजना खर्चाच्या व व्यवस्थेच्या अडचणींमुळें बाजूस ठेवावी लागली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर देश खडबडून जागा झाला आणि १९६३ सालीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची करण्यांत आली. ती सक्ती पांच वर्षें टिकली. १९६८ सालीं छात्रसेना पुन्हां स्वेच्छेची झाली. पाठोपाठ २४ सप्टेंबर १९६९ रोजीं ३७ विद्यापीठांतून ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तीहि स्वेच्छेचीच. म्हणजे सक्तीचा प्रयोग आपण करून पाहिला आहे, आणि तो आपणच मागें घेतला आहे.

आतां थोडा हिशेब करूं. आपल्या देशांत दरसाल दोन कोटींहून अधिक मुलेंमुली अठरा वर्षांचीं होतात. आपलें पायदळादि सारें भूसैन्य सुमारें बारा लाखांचें. म्हणजे एका वर्षाचींच मुलें बोलावलीं, तरी सबंध सैन्याच्या पंधरापटींहून अधिक नवशिके शिबिराच्या दाराशीं उभे राहतील. त्यांना शिकविणार कोण? अन्न, वस्त्र, निवारा व किरकोळ भत्ता मिळून माणशीं दरमहा दहा हजार रुपये समजा. दोन कोटींचा वर्षाचा खर्च दोन लाख चाळीस हजार कोटींवर जातो. २०२४-२५ सालचें आपलें संरक्षणाचें अंदाजपत्रक सुमारें सहा लाख एकवीस हजार कोटींचें होतें. त्याच्या एक तृतीयांशाहूनहि हा आंकडा मोठा आहे. आणि एवढें करून सीमेवर उपयोगी पडेल असा शिपाई एका वर्षांत तयार होईल, असा भरंवसा कोणी जाणता सेनानी देणार नाहीं.

कायद्याची बाजूहि पाहिली पाहिजे. आपल्या राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानें वेठबिगार बंद केली आहे. वेठ म्हणजे काय, हें महाराष्ट्रास पुस्तकांतून शिकावें लागत नाहीं. महार वतनाच्या नांवाखालीं रात्रीं-अपरात्रीं फुकट राबविण्याच्या चालीविरुद्ध डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत बिल आणलें होतें. त्याच तेविसाव्या कलमाच्या दुसऱ्या भागांत मात्र सार्वजनिक कार्यासाठीं सक्तीची सेवा लावण्याची मुभा सरकारास ठेवलेली आहे. अट एकच: धर्म, वंश, जात किंवा वर्ग एवढ्याच कारणावरून भेदभाव करतां येणार नाहीं. शिवाय १९७६ सालीं घटनेंत जीं मूलभूत कर्तव्यें आलीं, त्यांत बोलावणें येतांच राष्ट्रसेवा करणें हेंहि एक आहे. तेव्हां सक्ती घटनाबाह्य आहे असें म्हणतां येणार नाहीं. परंतु वेठ आणि सेवा यांतला भेद एका गोष्टीवर ठरतो; ती सर्वांना सारखी लागू आहे कीं नाहीं, यावर. ज्याच्यापाशीं पैसा व ओळख आहे, त्याच्या मुलाला वैद्याचा दाखला मिळाला आणि गरिबाचा मुलगा तेवढा गेला, तर ती नव्या नांवाची वेठच होय.

मग संरक्षणाच्या व्यवस्थेंत सुधारणा नको काय? ती हवीच, आणि ती चालूहि आहे. कारगिलच्या युद्धानंतर १९९९ सालीं के. सुब्रह्मण्यम् यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. सैन्य तरुण असावें, जवानाची पलटणींतील नोकरी सतरा वर्षांऐवजीं सात ते दहा वर्षांची करून पुढें त्याला निमलष्करी दलांत घ्यावें, असें तिनें सुचविलें. तिन्ही दलांच्या वरती एक प्रमुख असावा हा बराच काळ रेंगाळलेला विचार २०२० च्या आरंभीं जनरल बिपिन रावत यांच्या नेमणुकीनें अमलांत आला. जून २०२२ मध्यें अग्निपथ योजना जाहीर झाली. तींत तरुण चार वर्षांसाठीं घेतले जातात. पैकीं शेंकडा २५ पर्यंत पुढें कायम होऊं शकतात, व बाकीच्यांस सुमारें अकरा लाख एकाहत्तर हजारांचा निधि देऊन निरोप मिळतो. ती योजना पुष्कळ वादाची झाली; परंतु ती सक्तीची नाहीं, हें विसरून चालणार नाहीं. तिच्यांत शिरणारा मुलगा आपण होऊन रांगेंत उभा राहतो.

आतां सुदुंबऱ्याकडे परत येऊं. राष्ट्राचें रक्षण म्हणजे केवळ सीमेचें रक्षण, ही समजूत आतां पुरेशी राहिलेली नाहीं. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव डोंगराखालीं गडप झालें आणि १५१ माणसें गेलीं. गांव जागेवर नाहीं, हें प्रथम एस. टी.च्या चालकाच्या ध्यानांत आलें. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांत इरशाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हातीं आले, ५७ माणसांचा शोध लागलाच नाहीं. तेथें मोटारीचा रस्ता नव्हता. यंत्रें वर चढेनात, पावसाळी हवेंत हेलिकॉप्टर उडेना. जवानांनीं डोंगर पायीं चढून हातांनीं माती उपसली. १५ जून २०२५ रोजीं तर सुदुंबऱ्यापासून थोड्याच अंतरावर, कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील लोखंडी पूल माणसांच्या गर्दीनिशीं कोसळला व चार जण दगावले.

या साऱ्या प्रसंगीं आपत्ति प्रतिसाद दल धांवून गेलें. देशांत या दलाच्या सोळा बटालियनी आहेत, आणि एकेकींत सुमारें साडेअकराशें माणसें असतात. हे जवान कुशल आहेत. पण ते सर्वत्र पहिल्या घटकेस पोंचूं शकत नाहींत, आणि जीव वांचतात ते बहुधा त्या पहिल्या घटकेंतच. तेव्हां जवळ असतो तो शेजारी, वाटसरू, कॉलेजांतला मुलगा. त्याला दोर बांधतां येत नसेल, बुडालेल्याच्या पोटांतील पाणी काढण्याच्या नादांत श्वास देण्याचें राहून जात असेल, तर त्याची तळमळ व्यर्थ होते. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या संस्थेचे तरुण दऱ्यांतून अडकलेले पर्यटक वर काढतात. त्यांच्यावर सक्ती कोणी केली? त्यांना विद्या मिळाली, तिचा उपयोग करण्याची वाट मिळाली, आणि सेवा आपोआप घडली.

म्हणून माझें मत असें कीं, शिकण्याची सक्ती असावी, सेवेची नसावी. 'आपदा मित्र' योजनेंत स्वयंसेवकाला बारा दिवसांत प्राथमिक शिक्षण देतां येतें. तेवढेच दिवस प्रत्येक मुलामुलीच्या महाविद्यालयीन वर्षांतून काढणें अशक्य नाहीं. जीं शिक्षणापासून दूर राहिलीं आहेत, त्यांच्यासाठीं गांवोगांवीं शिबिरें भरवावीं. परंतु आधीं शिक्षक तयार करावे. सुदुंबऱ्यासारखीं ठाणीं हीं त्यांचीं गुरुकुलें होऊं शकतील. या शिक्षणांतून कोणालाहि, कोणत्याहि दाखल्यानें, सूट नसावी. अपंगालाहि संदेश पोंचविण्याचें काम शिकतां येतें. त्यापुढें ज्याला पलटणींत जावेंसें वाटेल त्याला जाऊं द्यावें, आणि तो परत येईल तेव्हां त्याला मानाचें काम मिळेल अशी सोय करावी.

श्रोते हो, पुढच्या वेळीं सक्तीची गोष्ट घरांत निघेल, तेव्हां एक प्रश्न आधीं स्वतःला विचारावा: हा नियम पहिल्याच दिवशीं माझ्या मुलाला, माझ्या मुलीला लागू झाला, तर मी त्याला हात वर करीन काय? उत्तर 'होय' असेल, तर आपल्या बोलण्याला वजन आहे. 'नाहीं' असेल, तर दुसऱ्याच्या मुलाच्या शिस्तीची काळजी आपण थोडी कमी करावी, आणि जवळच्या एखाद्या शिबिराची चौकशी करावी.