खेळण्यातील ड्रोन : अल्प खर्चात विज्ञानाचे धडे

तळहातावर मावणारे चार पंख्यांचे खेळण्यातील ड्रोन आज बाजारात सहज मिळते. पुष्कळदा चार दिवस उडवून झाले की ते कोपऱ्यात पडते. वस्तुतः कागद, दोरा, शीतपेयाची नळी अशा साध्या वस्तूंच्या साहाय्याने त्यात केलेले किरकोळ फेरबदल विद्यार्थ्यांना यंत्रशास्त्राची ओळख करून देऊ शकतात.

या ड्रोनचे समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन पंखे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, तर उरलेले दोन विरुद्ध दिशेने फिरतात. त्यामुळे ड्रोन स्वतःभोवती गरगरत नाही. पंखे दोन प्रकारचे असल्याने ते बदलताना जागांची अदलाबदल झाल्यास ड्रोन उडण्याऐवजी उलटते. विद्यार्थ्यांना हा पहिला धडा येथेच मिळतो.

दुसरा फेरबदल रंगाचा. ड्रोनचे तोंड उडविणाऱ्याकडे वळले की डावी-उजवी बाजू उलट होते आणि नवशिक्याचा गोंधळ उडतो. पुढील दोन भुजांवर रंगीत कागदाची चिकटपट्टी लावल्यास ही अडचण बरीच कमी होते. नळीचे चार तुकडे पायांसारखे चिकटविल्यास जमिनीवरील केस व दोरे पंख्यांत अडकत नाहीत. बारीक तारेचा आकडा आखूड दोऱ्याने बरोबर मध्यभागी टांगला, तर कागदी कडी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर नेण्याची चुरस लावता येते. आकडा मध्यबिंदूपासून सरकला की ड्रोन त्या बाजूस झुकते. गुरुत्वमध्य म्हणजे काय, हे मग निराळे सांगावे लागत नाही. फुलपाखराच्या आकाराचा कागद वर बसविल्यास ड्रोन शोभिवंत दिसते; मात्र कागद पंख्यांवर आला तर हवेचा मार्ग अडतो व उचल घटते.

प्रत्येक फेरबदलाची किंमत वजनात मोजावी लागते. हवेत स्थिर राहण्यास लागणारी शक्ती वजनापेक्षा अधिक वेगाने वाढते. वजन 10 टक्के वाढले, तर शक्ती सुमारे 15 टक्के अधिक लागते. 20 ग्रॅमचे ड्रोन 6 मिनिटे उडत असेल, तर 2 ग्रॅमची भर पडताच हा काळ 5 मिनिटे 12 सेकंदांच्या आसपास येतो. सोनाराच्या काट्यावर वजन करून आणि घड्याळ लावून विद्यार्थ्यांनी हा हिशेब स्वतः पडताळून पाहावा. वहीत अशी नोंद झाली, म्हणजे खेळाचा प्रयोग होतो.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. अधिक दाबाची बॅटरी जोडल्यास चिमुकल्या मोटारी जळतात. लिथियम बॅटरी लक्ष न ठेवता भारित करू नये. ती फुगली असल्यास टोचू वा वापरू नये. फिरते पंखे डोळ्यांपासून दूर ठेवावेत. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतची मानवरहित विमाने ‘नॅनो’ वर्गात मोडतात आणि ती उडविण्यास वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. तथापि विमानतळासारख्या प्रतिबंधित हवाई क्षेत्रातील बंधने त्यांनाही लागू आहेत. म्हणून हे प्रयोग वर्गात किंवा गावाच्या समाजमंदिरात करणे श्रेयस्कर.

शेतीतील फवारणी व जमिनीची मोजणी यांत ड्रोनचा वापर होऊ लागला आहे. उद्या हे यंत्र हाताळणाऱ्या तरुणाला त्यामागील तत्त्व शाळेतच उमगलेले असावे. त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहण्याचे कारण नाही. शिक्षकांनी पुढाकार घेतला आणि ग्रामपंचायतीने जागा दिली, तर एका खेळण्यातूनही ही सुरुवात होऊ शकेल.