विहिरीवरून समुद्रावर

मासेमारी नौकेला नवं इंजिन आलं की बंदरावर पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती घोड्यांचं? दुसरा : कितीला पडलं? पंखा कोणता लावला, शाफ्टची रेघ कोणी जुळवली, इंजिन थंड ठेवायची काय सोय केली, हे विचारणारा एखादाच. तो बहुधा आधी कुठेतरी पोळलेला नाखवा असतो. या न विचारलेल्या प्रश्नांचा शोध घेताना आधी घाट चढून पुण्यात, खडकीला यावं लागतं.

खडकीची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 सालची. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीत नांगर आणि पंप तयार होत होते, पण पंप फिरवायचा कशाने हा प्रश्न उरलाच होता. गावोगाव वीज पोचायला अजून बराच काळ जायचा होता. अमेरिकेत एमआयटीत शिकून आलेल्या त्यांच्या मुलाने, शंतनुरावांनी, ब्रिटिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने डिझेल इंजिनाचा कारखाना उभा केला. त्यांच्या डोळ्यांसमोरचं गिऱ्हाईक कोकणातला दर्यावर्दी नव्हता. मोट हाकून थकलेला देशावरचा शेतकरी होता.

विहिरीवरच्या इंजिनाचं काम फार वेगळं असतं. एकदा सुरू केलं की पाणी पुरेपर्यंत, नाहीतर डिझेल संपेपर्यंत, एकाच गतीने चालायचं. ट्रकच्या इंजिनाला असा जाच नसतो. चढावर ते पूर्ण जोर लावतं, उतारावर विसावा घेतं, गावात शिरलं की निवांत होतं. समुद्रावर मात्र विहिरीसारखंच : ट्रॉलर जाळं ओढायला लागला की तासन्‌तास जवळजवळ पूर्ण भार. तिथे चढउतार नाही, विसावाही नाही. म्हणूनच ट्रकच्या इंजिनावर जे घोडे लिहिलेले असतात, तेच इंजिन समुद्रासाठी विकताना त्यातले काही प्रामाणिक कंपनी कमी करून लिहिते. घोडे कमी लिहिलेलं इंजिन पाहून खरेदीदार नाक मुरडतो, तेव्हा तो खरं तर इंजिनाच्या आयुष्यालाच नाक मुरडत असतो. या हिशेबाने विहिरीवर वाढलेलं इंजिन ट्रकच्या इंजिनापेक्षा समुद्राला जवळचं, असं माझं मत आहे. अर्थात आपल्या किनाऱ्यावर ट्रकच्या घराण्यातली सहा सिलिंडरची लेलँड इंजिनंही भरपूर आहेत आणि नीट बसवलेली असली तर ती उत्तम चालतात. प्रश्न त्या ‘नीट’चाच आहे.

खडकीचं नाव आधी घेतलं ते इतिहासासाठी. इंजिन कारखान्यांच्या त्या रांगेत चिंचवडला रस्टन इंजिनांचा कारखाना होता, 1962 मध्ये कोथरूडला किर्लोस्कर कमिन्स आली. पुण्याच्या पश्चिमेला खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात, 1916 पासूनच्या त्या संस्थेत, बंदरांच्या प्रतिमानांमधून भरती-ओहोटी खेळवली जाते. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवरचं हे शहर समुद्राचा विचार किती करतं, याची पुणेकरांनाच फारशी कल्पना नाही.

नौकांना इंजिनं बसवण्याची मोहीम देशात स्वातंत्र्यानंतर जोरात सुरू झाली. केरळात 1952 च्या करारानुसार भारत-नॉर्वे प्रकल्प आला, पण तिथल्या ओंडके कोरून किंवा फळ्या शिवून केलेल्या होड्या इंजिनाचा हादरा सोसण्यासारख्या नव्हत्या. तिथे नव्या घडणीच्या बोटी बांधाव्या लागल्या. मुंबई, वसई, सातपाटीकडच्या नौका मुळातच दणकट, खोल पोटाच्या, खुल्या समुद्रात शीड पेलणाऱ्या. त्यांच्या पोटात इंजिन थेट बसवता आलं. महाराष्ट्रातलं यांत्रिकीकरण लवकर रुळलं, त्याचं मोठं श्रेय इंजिन बनवणाऱ्यांइतकंच आपल्या किनाऱ्यावरच्या बोट बांधणाऱ्या मेस्त्रींना द्यायला हवं. ते सहसा कोणी देत नाही.

नौकेच्या मागच्या फळीला बाहेरून टांगायचं, उचलून घरी नेता येणारं इंजिन ही वेगळीच जात. आपल्याकडे त्याला सगळे ओबीएमच (आउटबोर्ड मोटर) म्हणतात. 1909 मध्ये अमेरिकेत ओले एव्हिनरूडने विकायला काढलेलं असं इंजिन दीड घोड्यांचं आणि सुमारे 28 किलो वजनाचं होतं. नंतर ते जगभर पसरलं. खाडीत, किनाऱ्यालगत, जाळं टाकून दुपारपर्यंत परतणाऱ्या छोट्या होडीला ते वरदान आहे. उथळ पाण्यात वर उचलता येतं, दुरुस्तीला उतरवता येतं, होडीत जागा अडवत नाही. पण जुन्या पद्धतीचं दोन स्ट्रोकचं इंजिन इंधनाचा बराच भाग न जाळताच बाहेर फेकतं, आणि त्याचा छोटा, वेगाने फिरणारा पंखा होडी पळवतो खरा, मात्र जड जाळं ओढताना नुसता पाणी घुसळतो. दहा-बारा दिवस खोल समुद्रात राहणाऱ्या नौकेचं इंजिन पोटातच हवं.

होडीला ओबीएम बसवायचं तर दोनच गोष्टी जपा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली यायला हवी. वर राहिली की पंखा हवा ओढतो, फार खाली गेली की होडी अडखळते. त्यासाठी मागच्या फळीची उंची मोजूनच 15 की 20 इंची दांड्याचं इंजिन घ्यायचं. आणि नुसत्या स्क्रूच्या पकडीवर विसंबायचं नाही. आरपार बोल्ट मारायचे आणि साखळी बांधायची. समुद्राने गिळलेली ओबीएम बहुतेक साखळीविनाच गेलेली असतात.

आता पोटातल्या इंजिनाकडे वळू. इंजिन बसवण्याचा हंगाम पावसाळा. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या, फिटरना श्वास घ्यायला फुरसत नाही. तळाशी दोन लांब, जाड तुळयांचा पाया असतो. त्यावर इंजिन, त्याला जोडलेला गिअरबॉक्स, तिथून मागे शाफ्ट, तो नौकेच्या बुडातून एका नळीवाटे बाहेर, आणि टोकाला पंखा. समुद्र आत येऊ नये म्हणून नळीच्या तोंडाशी ग्लँड, त्यात ग्रीस लावलेली दोरी. ही दोरी पूर्ण कोरडी आवळायची नसते. शाफ्ट फिरताना थेंब थेंब पाणी गळलं पाहिजे, नाहीतर शाफ्ट तापून खाल्ला जातो. नवशिक्या नाखव्याला गळणारा थेंब पाहवत नाही, तो पाना घेऊन आवळत सुटतो.

सगळ्या कसबाचा कस लागतो तो रेघ जुळवताना. गिअरबॉक्सची आणि शाफ्टची चकती समोरासमोर आणून फिटर त्यांच्यामधली फट चारही बाजूंनी फिलर गेजने मोजतो. फरक चार थाऊंच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आत हवा. जास्त राहिला की थरथर, ग्लँड गळणं, बेअरिंग जाणं आणि अखेर शाफ्ट तुटणं, या क्रमाने बिल येतं. आता खरी मेख अशी की किनाऱ्यावर लाकडाच्या टेकूंवर उभी असलेली नौका आणि पाण्यात तरंगणारी नौका यांचा आकार एक नसतो. पाण्यात उतरली की बूड वेगळ्या तऱ्हेने वाकतं. त्यामुळे जमिनीवर केलेली जुळणी कच्ची समजायची, नौका पाण्यात टाकून दिवसभर बसू द्यायची आणि मग चकत्या सोडून पुन्हा मोजायचं. हंगाम तोंडावर आला, बर्फ भरून झाला, खलाशी गावाहून आले, की टाळलं जातं ते नेमकं हेच दुसरं मोजमाप.

दुसरा घात थंड करण्यात. समुद्राचं पाणी सरळ इंजिनातून फिरवलं तर साधारण 60 अंशांच्या वर क्षार साचायला लागतात. म्हणून अशी इंजिनं मुद्दाम गार चालवावी लागतात, आणि फार गार चाललेल्या डिझेल इंजिनाचे सिलिंडर लवकर झिजतात. बरा मार्ग असा की इंजिनात गोडं पाणीच फिरावं आणि त्याची उष्णता वेगळ्या यंत्रात समुद्राच्या पाण्याने ओढून घ्यावी, किंवा गोड्या पाण्याच्या नळ्याच बुडाबाहेरून फिरवाव्यात. त्या यंत्रात जस्ताचे तुकडे बसवलेले असतात. खारं पाणी तांब्या-लोखंडाऐवजी आधी तेच खातं. काही शे रुपयांचं हे जस्त संपल्यावर बदललं नाही, तर पुढची पाळी महागड्या नळ्यांची.

आणि पंखा. 1800 फेऱ्यांचं इंजिन तीनास एक गिअरबॉक्सने 600 वर आणायचं आणि मोठा पंखा सावकाश फिरवायचा. ओढणाऱ्या नौकेला हेच सूत्र मानवतं. घोड्यांच्या हव्यासाचा फोलपणाही इथेच उघडा पडतो. पाणी कापत जाणाऱ्या नौकेच्या वेगाला तिची लांबी लगाम घालते. पाण्यातली लांबी 36 फूट असेल तर आठ नॉट्सच्या आसपास तिची मजल संपते, 49 फूट असेल तर साडेनऊच्या जरा अलीकडे. त्यापुढे इंजिन कितीही मोठं बसवा, नौका आपणच उठवलेल्या लाटेवर चढायची धडपड करते आणि डिझेल जाळते. डिझेल इंजिन दर घोड्याला तासाला साधारण पाव लिटरच्या जरा खाली पितं. शंभर घोडे पूर्ण जोरात चालले की तासाला वीस लिटर. शेजाऱ्यापेक्षा पन्नास घोडे जास्त घेऊन अर्धा नॉट मिळवणाऱ्याने दहा दिवसांच्या फेरीला हा गुणाकार एकदा कागदावर करावा.

खडकीच्या कंपनीचा प्रवास आता फार पुढे गेला आहे. एप्रिल 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने नौदलासाठी 6 मेगावॉटचं, म्हणजे सुमारे आठ हजार घोड्यांचं सागरी डिझेल इंजिन देशात विकसित करण्याचं 270 कोटी रुपयांचं काम किर्लोस्करकडे दिलं. त्यातला 70 टक्के खर्च सरकार उचलणार आहे. अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या धक्क्यावर इंजिन बसवून देणाऱ्या फिटरच्या हातात पंख्याचा तक्ता आणि चांगलं फिलर गेज असणं, हे कोकणच्या दृष्टीने मला त्याहून निकडीचं वाटतं. कारखान्यांनी विक्रीच्या मेळाव्यांइतकाच खर्च पावसाळ्यात बंदरावर फिटरच्या शिक्षणावर करावा.

तोवर नवं इंजिन घेणाऱ्या नाखव्यांना एवढंच सांगणं : बसवणाऱ्याचे पूर्ण पैसे चुकते करण्याआधी नौका पाणी, बर्फ, डिझेलसह भरून बंदराबाहेर काढा आणि गिअर टाकून पूर्ण थ्रॉटल द्या. इंजिनावर लिहिलेल्या फेऱ्या गाठता आल्या नाहीत तर पंखा जड आहे, सहज ओलांडल्या गेल्या तर हलका. दोन्ही बाबतीत पंखा बदलून मागा, नौका घेऊन हंगामाला जाऊ नका.