बावीस वर्षांनी पुन्हा पॉइंट टू-टू

कॉलेजात एनसीसीत असताना हाताळलेली पॉइंट टू-टू रायफल बावीस वर्षांनी पुन्हा खांद्याला लावायचं ठरवलं, तेव्हा रेंजवर पोचायच्या आधीच सल्ले पोचले होते.

पहिला सल्ला असा, की ही सायकलसारखी विद्या आहे, एकदा आली की विसरत नाही. शरीर पोझिशन विसरत नाही, हे खरं. पालथं पडल्यावर कोपर आपोआप जागेवर गेलं. विसरतं ते बोट. हात कितीही मुरलेला असला तरी साइट थोडी हलतच राहते, निष्णात नेमबाजाचीही. सराव तुटलेला माणूस ती मधोमध आली की चाप हिसकतो आणि तिथेच गोळी जाते. हलणं मान्य करून चाप सावकाश दाबत न्यायचा असतो. श्वासाचंही तसंच: तो जास्त वेळ कोंडला तर नजर अंधुक होते. सहा-आठ सेकंदांत बार झाला नाही, तर रायफल उतरवून पुन्हा सुरुवात करावी.

‘आता डोळे कुठे साथ देणार?’ हेही ऐकलं. चाळिशीनंतर जवळचं धूसर होतं खरं, पण पीप साइटच्या बारीक छिद्रातून पुढची साइट बरीच स्पष्ट होते. नजर तिच्यावरच ठेवायची, टार्गेट किंचित पुसट दिसलं तरी चालतं. आणि वयाचंच म्हणाल तर कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2018च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्या 37 वर्षांच्या होत्या.

छोटी रायफल म्हणजे पोरखेळ, हा गैरसमज मात्र धोक्याचा आहे. जेमतेम अडीच ग्रॅमची गोळी एक किलोमीटरपलीकडेही इजा करू शकते. धक्का नगण्य असला तरी आवाज कानाला सोसणारा नाही, कानांचं संरक्षण हवंच.

रिकाम्या रायफलचा चाप कितीही वेळा ओढावा, असंही सांगतात. पॉइंट टू-टूच्या काडतुसात ठिणगीचा मसाला कडेला असतो, म्हणून पिनही कडेवर आपटते. काडतूस नसेल तर काही जुन्या रायफलींत ती थेट चेंबरच्या धातूवर बसते आणि तिथे खळगा पडतो. त्यासाठी डमी काडतूस वापरावं.

आणि सगळ्यात चिवट समजूत म्हणजे टार्गेटच्या मध्यावरचा बुल लागला की नेम चांगला. पाच गोळ्या विखुरल्या आणि एक मधोमध बसली, तर तो योगायोग. पाचही कोपऱ्यात पण एकमेकींना चिकटून बसल्या, तर नेमबाज बरोबर आहे, साइट तेवढी सरकवायची. एनसीसीत नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हणत. जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे नेमच. गेल्या रविवारी 25 मीटरवरच्या माझ्या कार्डात पाचही भोकं डावीकडे खाली होती, पण दहाच्या नाण्याखाली झाकतील एवढी जवळ. मागच्या साइटला चार क्लिक दिले आणि पुढची पाच काडतुसं मागून घेतली.