गल्ला वेगळा, उत्पन्न वेगळे

बारावीचा निकाल लागला, सीईटीचे पर्सेंटाइल कळले, की हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ अशा पाचही तालुक्यांच्या सेतू केंद्रांत गर्दी होते. नोकरदाराचे पोर त्या रांगेतून लवकर सुटते. वडिलांचा फॉर्म १६ जोडला की झाले. ज्याच्या घरी दुकान आहे, शिलाई मशीन आहे, टेम्पो आहे, तो मात्र पहिल्याच रकान्याशी थबकतो: कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती? पगारपत्रक नसलेल्या घराला हा आकडा स्वतःच काढावा लागतो, आणि पुढची सगळी मदत त्यावर उभी राहते. फी माफी, वसतिगृहाचा भत्ता, कर्जावरच्या व्याजाची सवलत, सगळेच.

उदाहरणासाठी एक घर धरू. कळमनुरी तालुक्यात रस्त्याकडेला मोटार वाइंडिंगचे दुकान. रब्बीत व्होल्टेज कमी पडून विहिरीवरच्या मोटारी जळतात, तेव्हा दुकानाला उसंत नसते. एरवी दिवस मोजके. घरची बाई ब्लाउज शिवते. तीन एकर शेत, त्यात सोयाबीन आणि थोडी हळद. मुलीला नांदेडला अभियांत्रिकीला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जागा मिळाली आहे.

दुकानात वर्षभरात नऊ लाख रुपये आले असे समजा. इथेच बहुतेकांची गल्लत होते. कोणी घाबरून नऊ लाख सांगतो आणि फी सवलतीच्या आठ लाखांच्या मर्यादेबाहेर जातो. कोणी दुसऱ्या टोकाला जाऊन वर्षाला चोवीस हजार सांगतो. तो दाखला खरा मानायचा तर महिन्याला दोन हजारांत चार माणसे जेवतात असे मानावे लागेल. नऊ लाख हा गल्ला झाला. त्यातून तांब्याची तार, बेअरिंग, वार्निश, गाळ्याचे भाडे, वीजबिल आणि हाताखालच्या पोराची मजुरी असे सहा लाख चाळीस हजार गेले. उरले दोन लाख साठ हजार. शिलाईचे चाळीस हजार, शेताचे खर्च वजा जाता साठ हजार. सगळे मिळून तीन लाख साठ हजार, आणि हाच आकडा सांगायचा.

तो सिद्ध कशावरून करायचा? वहीवरून. दोन पानांची वही पुरते: डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले, आणि उधारीला वेगळे पान. ‘सोयाबीन विकल्यावर देतो’ म्हणून गेलेली मोटार विसरायची नाही, पण तिचे पैसे हातात आलेल्या रकमेतही मिसळायचे नाहीत. तारेची पक्की बिले एका पिशवीत, भाड्याची पावती त्याच पिशवीत. क्यूआर कोडने येणारे पैसे बँकेच्या उताऱ्यात आपोआप दिसतात. फक्त त्याच खात्यात भावाचे पैसे, भिशीचे पैसे फिरवले की उतारा फुगतो आणि समजावत बसावे लागते. दुकानासाठी खाते वेगळे असावे.

आता दाखला. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात. अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवर घरूनही करता येतो, नाहीतर सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून. आधार, रेशनकार्ड, स्वयंघोषणापत्र, शेत असेल तर सातबारा आणि आठ-अ, विवरणपत्र भरले असेल तर त्याची प्रत, आणि तलाठ्याचा अहवाल. तलाठ्याला आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून कोणी म्हणत नाही. पगार नसलेल्या घरासाठी हा अहवालच कळीचा. शेताचा अंदाज ते क्षेत्र आणि पिकावरून बांधतात, दुकानाचे मात्र आपण सांगू त्यावर आणि पंचांच्या जबाबावर चालते. म्हणून वही तिथे घेऊन जावी. मागितली नाही तरी दाखवावी. शपथपत्राला पाचशेचा मुद्रांक लागतो असे बाहेर कोणी सांगेल, पण असल्या दाखल्यांसाठी ते शुल्क सरकारने २०२५ मध्ये माफ केले आहे.

लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली या दाखल्याला पंधरा दिवसांची मुदत आहे, त्यानंतर अपील करता येते. पण जुलैत पंधरा दिवस मोजत बसणे म्हणजे प्रवेशफेरी हातची घालवणे. दाखला आर्थिक वर्षाचा असतो आणि पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालतो. एप्रिल उजाडला की अर्ज करावा, तेव्हा कचेरीही रिकामी असते. एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा दाखलाही मिळतो. ओबीसी किंवा एसईबीसी घराने तोच घ्यावा, कारण नॉन-क्रिमीलेअरला तोच लागतो.

नॉन-क्रिमीलेअरचा हिशेब वेगळा आहे, आणि तो अनेकांना कोणी सांगत नाही. तिथेही मर्यादा आठ लाखच, पण त्यात शेतीचे आणि पगाराचे उत्पन्न धरत नाहीत, बाकीचे धरतात. म्हणजे आपल्या घराचे शेताचे साठ हजार गळतील आणि दुकान-शिलाईचे तीन लाख मोजले जातील. धंदेवाल्याला या नियमाचा फायदा शेतकऱ्याइतका नाही, कारण त्याचे मुख्य उत्पन्नच मोजले जाते. ज्याचे दुकान बरे चालते त्याने हे आधीच पाहून ठेवावे. मर्यादा सलग तीन वर्षे ओलांडली तरच क्रिमीलेअर लागतो, एखाद्या चांगल्या सालाने नाही.

आकडा हातात आला की तो कुठे लागतो ते पाहू. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे लोकांच्या तोंडची ईबीसी, आठ लाखांपर्यंत. व्यावसायिक अभ्यासक्रमात मुलांना निम्मी शिक्षण फी, एका घरातल्या दोन मुलांपर्यंत. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने चित्र पालटले: आठ लाखांच्या आतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. अट एकच मोठी, प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली की हे दार बंद. अनुसूचित जाती आणि जमातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाखांची मर्यादा आहे. आपले उदाहरणातले घर अनुसूचित जातीचे असते तर ते तिच्याबाहेर गेले असते, पण हात हलवत परतले नसते, कारण अडीच लाखांवरच्या घरांना फ्रीशिपमधून फी मिळते. निर्वाह भत्ता मात्र नाही.

राहण्या-जेवणाचा खर्च फीपेक्षा जड जातो, हे नांदेड-संभाजीनगरला पोर ठेवलेल्या कोणालाही विचारा. त्यासाठी अनुसूचित जातीला स्वाधार, ओबीसीला सावित्रीबाई फुले आधार, आदिवासींना स्वयम अशा योजना आहेत. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना मिळतो. आपला मोटारवाला तीन एकरांचा धनी आहे. अल्पभूधारकाची मर्यादा दोन हेक्टर, म्हणजे साधारण पाच एकर. तो दुकानदार म्हणून नव्हे, शेतकरी म्हणून इथे बसतो. अल्पभूधारक असल्याचा दाखलाही तहसीलदारच देतात.

असेच आणखी एक दार गवंडी, सेंट्रिंगवाला, रंगारी, प्लंबर, वायरमन यांना उघडे आहे. वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. मंडळ पहिल्या दोन मुलांच्या शिक्षणाला अर्थसाहाय्य देते, अभियांत्रिकीला वर्षाला ६० हजार. नोंदणी जिवंत ठेवावी लागते. बरेच जण एकदा कार्ड काढतात आणि नूतनीकरण विसरतात.

एवढे करून पैसे कमी पडले तर कर्ज, आणि इथे पुन्हा तोच आकडा. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागू नये अशी हमी योजना आहे. साडेचार लाखांच्या आतल्या घराला तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी, शिकत असतानाचे पूर्ण व्याज केंद्र भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत, निवडक दर्जेदार संस्थांसाठी, आठ लाखांपर्यंतच्या घरांना दहा लाखांच्या कर्जावर तीन टक्के व्याज-सवलत आहे. दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही.

बँक मात्र सहकर्जदार वडिलांचे विवरणपत्र पाहते. छोट्या धंद्याला आयकरात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे: रोखीच्या उलाढालीवर आठ टक्के, ऑनलाइन आलेल्यावर सहा टक्के नफा धरायचा. ज्याला वर्षानुवर्षे ४४ एडी म्हणतात ते हेच. नऊ लाखांवर आठ टक्के म्हणजे ७२ हजार, आणि ‘तेवढेच लिहू’ असे सांगणारे भेटतात. पण हा आकडा किमान आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच लिहायचा. शिवाय दोन लाख साठ हजार लिहिले तरी कर शून्यच येतो, कारण नव्या पद्धतीत चार लाखांपर्यंत करच नाही आणि बारा लाखांपर्यंत सूट आहे. मग ७२ हजार लिहून मिळवले काय? विवरणपत्र ७२ हजारांचे आणि तहसीलचा दाखला तीन लाख साठ हजारांचा, असे दोन कागद बँकेच्या टेबलावर शेजारी पडले की मॅनेजर दोन्हींवर शंका घेतो. शिष्यवृत्तीला आकडा लहान हवा असतो, बँकेला मोठा. दोघांना वेगवेगळा देण्याचा मोह सोडावा, आपल्या घराला खरा आकडाच दोन्हीकडे चालतो.

शेवटी महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज जिथे भरायचा ते पोर्टल. नाव आधारवर जसे आहे तसेच दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे ना, हे अर्जाआधी पाहावे. पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात नव्हे, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मुलीची दोन-तीन खाती असतील तर कोणते जोडले आहे ते बँकेत विचारावे. जोडलेलेच नसेल तर पोस्टाच्या बँकेत पोस्टमनकडूनही खाते उघडते. सबमिट झालेला अर्ज आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे, मग विभागाकडे जातो. त्रुटी निघाली तर शेरा मारून परत विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये येतो आणि तिथेच पडून राहतो. घरी कोणी पत्र पाठवत नाही. दर आठवड्याला लॉगिन उघडून पाहावे, शेरा दिसला की कागद बदलून अर्ज पुन्हा पाठवावा, आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण वेळेत भरावे. त्यासाठी लागणारा नवा दाखला याच एप्रिलच्या वहीतून निघतो.