पांच अक्षरांचा शब्द

सकाळचा चहा होतो न होतो तोंच घरांतील एखादें कॉलेजांत जाणारें मूल मोबाइलकडे टक लावून बसतें आणि मधूनच विचारतें, "आजोबा, पांच अक्षरांचा इंग्रजी शब्द, मधोमध ‘ए’, शेवटीं ‘ई’, आणि ‘आर’ कोठें तरी आहे. सांगा पाहूं!" वडील माणसांस प्रथम हा वेळेचा अपव्यय वाटतो. परंतु थोड्याच वेळांत आजोबांचा चष्मा शोधला जातो, ‘ब्रेव्ह’, ‘ग्रेप’, ‘शेअर’ असे शब्द सुचूं लागतात, आणि स्नानाचें पाणी निवून जातें. या खेळांत वेळ दवडण्यापलीकडे कांहीं आहे काय, याचा थोडा विचार करावा असें आम्हांस वाटलें.

इंग्रजी जाणणाऱ्या समाजास शब्दांच्या खेळाचा नाद जुनाच आहे. ‘ॲलिस’च्या गोष्टींनीं प्रसिद्ध झालेले लुई कॅरोल हे मूळचे गणिताचे अध्यापक. एका शब्दाचें एकेक अक्षर बदलीत दुसरा शब्द साधावयाचीं त्यांचीं कोडीं लंडनच्या ‘व्हॅनिटी फेअर’ साप्ताहिकांत १८७९ सालीं छापून आलीं. २१ डिसेंबर १९१३ रोजीं ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ पत्रांत आर्थर विन यांचें शब्दकोडें प्रसिद्ध झालें आणि आडव्या-उभ्या चौकटींचें वेड जगभर पसरलें. सध्यांचा ‘वर्डल’ हा खेळ जॉश वॉर्डल या संगणक-अभियंत्यानें रचिला, तो आपली सहचारिणी पलक शाह हिला असे खेळ आवडत म्हणून. पांच अक्षरांचे सुमारें १२,००० इंग्रजी शब्द चाळून तिनें ओळखीचे सुमारें २,५०० वेगळे काढले. १ नोव्हेंबर २०२१ रोजीं हा खेळ खेळणारे अवघे ९० जण होते. दोन महिन्यांनीं ते ३,००,००० हून अधिक झाले, आणि जानेवारी २०२२ अखेर ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें तो विकत घेतला.

खेळाचा नियम साधा आहे. गुप्त शब्द सहा प्रयत्नांत ओळखावयाचा. अक्षर जागच्या जागीं असेल तर चौकोन हिरवा, शब्दांत आहे पण जागा चुकली तर पिवळा, मुळींच नसेल तर करडा. अर्थात् प्रथम जीं अक्षरें इंग्रजींत वारंवार येतात तींच चाचपावीं. ‘ई’ हें त्यांत अग्रगण्य. मोर्सच्या तारायंत्राच्या लिपींत ‘ई’ला केवळ एक टिंब व ‘टी’ला केवळ एक रेघ आहे, तें याच कारणानें. स्क्रॅबल खेळाचे जनक आल्फ्रेड बट्स यांनीं वृत्तपत्रांतील अक्षरें मोजून आपल्या सोंगट्या ठरविल्या. १०० सोंगट्यांत ‘ई’ बारा आहेत व त्यांचें मोल प्रत्येकीं एक, तर ‘क्यू’ व ‘झेड’ एकेकच, पण मोल दहा. म्हणून ‘स्लेट’ या शब्दानें पुष्कळ जण आरंभ करतात. पाटीवर श्रीगणेशा करणाऱ्या आपल्या घरांस तर तो विशेष शोभतो!

परंतु नुसती अक्षरें ठाऊक असून भागत नाहीं. दुसऱ्या प्रयत्नांत कोणी ‘नाइट’ म्हणजे रात्र हा शब्द घातला आणि पहिलें अक्षर सोडून बाकीचीं चार हिरवीं झालीं, असें समजूं. आतां प्रचारांतील सात शब्द उरतात: ‘एट’, ‘फाइट’, ‘लाइट’, ‘माइट’, ‘राइट’, ‘साइट’ आणि ‘टाइट’. प्रयत्न मात्र चारच. उतावळा मनुष्य एकेक शब्द घालून पाहतो आणि बहुधा हरतो. विचारी मनुष्य तिसऱ्या प्रयत्नांत मुद्दाम ‘फिल्म्स’ घालतो. हें उत्तर नव्हे हें त्यास ठाऊक असतें. परंतु त्यांत ‘एफ’, ‘एल’, ‘एम’ व ‘एस’ या चौघांची परीक्षा एकदम होते. एखादें रंगलें तर उत्तर हातीं आलें. एकही रंगलें नाहीं तर तीनच शब्द उरतात आणि प्रयत्नही तीनच. एक डाव जाणूनबुजून सोडून विजय निश्चित करणें, ही शिकवण मुलांस पुढें संसारांतही उपयोगी पडेल.

या खेळाची उणीवही सांगितली पाहिजे. शब्दाचा अर्थ ठाऊक नसतांही तो जिंकतां येतो. यासाठीं उत्तर सांपडल्यावर कोश उघडण्याची संवय मुलांस लावावी. ‘डाउट’मध्यें न उच्चारला जाणारा ‘बी’ कां आहे? पंडितांनीं लॅटिन मूळ दाखविण्यासाठीं तो मागाहून घुसडला म्हणून. ‘खाकी’ हा पांच अक्षरांचा शब्द इंग्रजांनीं आपल्याकडूनच उचलला. अशी एक गोष्ट रोज कळली तरी वर्षाकांठीं केवढी शिदोरी जमेल! आमच्या भेंड्या तोंडपाठ पद्यांवर चालत. या नव्या खेळास कोशाची जोड मिळाली तर तोही तितकाच सकस होईल.

शेवटीं एक गोष्ट. फेब्रुवारी २०२२ मध्यें अमेरिकेंत शिकागोजवळ रात्रीं घरांत घुसलेल्या इसमानें एका ऐंशी वर्षांच्या बाईस कोंडून ठेविलें. ती रोज दूरच्या शहरांतील मुलीस आपल्या शब्दाचा निकाल कळवीत असे. त्या दिवशीं तो आला नाहीं. मुलीस शंका आली, पोलीस धांवले आणि आई सुखरूप सुटली.

आमच्या कितीएक घरांतील मुलें आज कॅलिफोर्नियांत वा लंडनांत आहेत. शब्द सर्वांस एकच असतो, पण आपल्याकडे दिवस आधीं उजाडतो. म्हणून आजोबांनीं शब्द न फोडतां नुसते रंगीत चौकोन पाठवावे आणि नातवानें रात्रीं आपले पाठवावे. लांबलचक पत्रें आतां कोणी लिहीत नाहीं. "मी ठीक आहें, तुझी आठवण आहे," एवढें जरी त्या पांच चौकोनांतून रोज पोहोंचलें, तरी सकाळचीं तीं दहा मिनिटें व्यर्थ गेलीं असें आम्ही म्हणणार नाहीं.